आमच्याकडं काय हाय बघायला

"काकी, समुद्र कुठे गेला?"

हा प्रश्न मला जितक्या पाहुण्यांनी विचारलाय, तितक्यांनी माझं नावसुद्धा विचारलेलं नाही. आगर गावाच्या बाजूचा आमचा किनारा पसरट. ओहोटी लागली की पाणी पार लांब निघून जातं आणि मागे राहतो राखाडी ओला पट्टा, खेकड्यांनी भोकं पाडलेला. मुंबईहून समुद्र बघायला आलेला माणूस सकाळी सुरूच्या झाडांतून बाहेर पडतो आणि माझ्याकडे असा बघतो, की जणू रात्री मीच तो समुद्र गुंडाळून माळ्यावर टाकला. एक साहेब तर मोबाईल पुढे करून म्हणाले, "हा बघा, काल संध्याकाळी इथे होता." मी म्हटलं, "येईल हो, जेवायच्या वेळेला येतो. घरचाच आहे." ते हसले नाहीत. जाताना खोलीचं भाडं कमी करा म्हणाले.

मी मालती. माहेर कैनाडचं, डोंगराच्या अंगाला, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या माणसांतलं. सासर इकडे समुद्राकडे, थोडी चिकूची वाडी. हे रेल्वेत होते, आता निवृत्त. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं सगळं पाहुण्यांनी शिकवलं. 'चेक-आउट' शिकवलं, 'कॅन्सल' शिकवलं, 'फक्त दोन तास थांबू, खोलीचं पूर्ण भाडं कशाला' हेही शिकवलं. गुजराती तर आमच्याकडे अंगणातच येते. वापी-सुरतेची गाडी थांबली की काच खाली व्हायच्या आत मी म्हणायची, "जैन जेवण मळशे, बेन, आवो." त्या बेन खूश. आपल्या मराठी माणसाला मात्र 'या' म्हटलं की पहिला प्रश्न, "पापलेट आहे ना?" आणि हा प्रश्न पावसाळ्यात, जेव्हा होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात तेव्हा!

वाडीत मागच्या बाजूला आम्ही खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवू लागलो. लोकांना वाटतं पर्यटन म्हणजे हसून स्वागत करायचं आणि नारळपाणी द्यायचं. मी सांगते पर्यटन म्हणजे काय ते. पर्यटन म्हणजे मोरीतली वाळू काढणं. प्रत्येक माणूस समुद्रावरून अंगाला, चड्डीला, पोरांच्या खिशांना वाळू घेऊन येतो आणि ती सगळी माझ्या मोरीत सोडतो. तुंबलं की हाक येते, "काकी, पाणी जात नाही." पाणी कसं जाईल, तुम्ही निम्मा किनारा आत ओतलाय. दुसरं म्हणजे चिकूचा चीक. चिकू झाडावर पिकत नाही. काढून, धुऊन, काही दिवस ठेवावा लागतो. हे मी खोलीची किल्ली देतानाच सांगायची. तरी एका प्रोफेसरांनी हात वर करून तोडला आणि चावला. मग ओठ एकमेकांना चिकटले तशी बायकोने मला विचारलं, "ह्यांना काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "काही नाही होत. घटकाभर बोलता येत नाही एवढंच." त्या बाईच्या डोळ्यांत मला आशा दिसली होती, खोटं नाही सांगत.

गंमत बाजूला. भीती वाटावी असेही प्रसंग आले. आमच्याकडे भरतीचं पाणी समोरून अंगावर येत नाही. आधी बाजूचे ओहळ भरतात, म्हणजे माणूस पुढे बघत उभा असतो आणि पाणी त्याच्या पाठीमागून गेलेलं असतं. एकदा नाशिकचं एक कुटुंब, पोरंबाळं घेऊन, असं अडकलं. आगरचा एक कोळी जाळं सुकवत होता, तो धावत गेला, धाकटीला खांद्यावर घेतलं आणि बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला लावून छातीभर पाण्यातून बाहेर आणलं. किनाऱ्यावर आल्यावर त्या गृहस्थांनी पहिलं काय विचारलं असेल? "इथे बोर्ड का नाही लावला?" कोळ्याचं नाव त्यांनी विचारलं नाही. मी विचारलं होतं का, तुम्ही म्हणाल. मला माहीत होतं, तो रोज आमच्या दारावरून जायचा.

पण मला सांगायचंय ते समुद्राचं नाही, डोंगराचं.

पाहुण्यांना एका दिवसानंतर समुद्राचा कंटाळा येतो. मग "अजून काय बघण्यासारखं आहे?" विवळवेढ्याला देवीचं दर्शन झालं की त्यांची यादी संपते. तेव्हा मला सुचलं, की ह्यांना आपल्या माहेरी का नेऊ नये? सकाळी जीप करायची, कैनाडच्या आमच्या पाड्यावर जायचं, तिथून टेकडीवर चढायचं. वाट सागाच्या रानातून ओढ्याच्या कडेने जाते. वर पोचलं की खाली भाताची खाचरं दिसतात, आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर समुद्राची रेघ. खाली उतरलं की जेवण. नाचणीची भाकर, उडदाचं वरण, सुकटीची चटणी, दिवस असतील तशी रानभाजी, काकडी किसून पिठात घालून पानात वाफवलेली पानगी. बास. लोक वेडे झाले त्याला.

जेवण कुणाच्या घरी, हा पहिला प्रश्न होता. माझी वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. तीच म्हणाली, "आमच्या एकट्याच्या घरी नको, मालू. बारी लाव." बारी म्हणजे आळीपाळी. आमच्याकडे पूर्वीपासून लावणीला, घर शाकारायला, लग्नाच्या पत्रावळी लावायला अशीच बारी लागते. आज तुझ्या घरी, उद्या तिच्या. ज्या घराची बारी, तिथे शेजारच्या दोघी मदतीला. कुणाकडे सुतक असलं, कुणी आजारी असलं, तर बारी पुढे सरकते, पण बुडत नाही, परत फिरून येते. पाहुणे कधी म्हणायचे, "मागच्या वेळच्या त्या बाईंकडेच ने ना, काकी." नाही. ज्याची बारी त्याच्याकडे. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाड्यावरच्या बायकांना ह्यातून जे मिळायचं, त्यावर वीटभट्टीला जाणं वाचलेली घरं मी बघितली आहेत. नवरा-बायको पोरांना घेऊन भट्टीवर जायचे ते जाईनासे झाले. ह्याचा मला गर्व होता. आता होता म्हणते.

पाहुण्यांचे नमुने तिथेही. एक बाई पोटभर जेवल्या, हात धुतले आणि वहिनीलाच विचारलं, "पण खरे गावातले लोक कुठे आहेत? ते पारंपरिक वगैरे?" वहिनी गाऊन घालून, मोबाईल हातात धरून उभी. म्हणाली, "ते जेवायला घरी गेलेत." बाईंनी मान डोलावली. "मग कधी येतील?"

आता एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवर फिरतं. आमच्या पाड्यावर आपल्या घराला, आपल्या रांधण्याला कुणी चांगलं म्हणत नाही. पाहुणा 'छान झालंय' म्हणाला तरी बाई म्हणणार, "कसलं छान, मीठ कमी पडलं." आणि मीठ कमी पडलेलं नसतं बरं का. पाहुण्याने त्यावर काही बोलायचं नसतं, आणखी एक भाकर मागून घ्यायची असते. तेच कौतुक. मुंबईकर मात्र मीठ मागून घ्यायचे. सुरुवातीला मी जीपमध्येच समजावून सांगायची, "ती नाही म्हणाली तरी तिच्याकडे आहे. ती वाईट म्हणाली तरी चांगलं आहे." एक आजोबा म्हणाले, "म्हणजे माझ्या बायकोच्या उलट." असो.

माझे गुडघे गेले. टेकडी तर सोडाच, जीपची पायरीही चढवेना. मुलगा बोईसरला नोकरीत, त्याला ह्यात रस नाही, आणि का असावा, त्याने लहानपणी मोऱ्या उपसल्यात. हे म्हणाले, "बंद कर आता. आपण हॉटेल नाही, धर्मशाळा चालवली." वाडीतल्या खोल्या बंद झाल्या असत्या तरी माझं काही अडणार नव्हतं, ह्यांची पेन्शन आहे. पण पाड्याचं काय? माझ्यामागे बारी कोण चालवणार? पाहुणा कोण आणणार? एवढ्याच काळजीपोटी मी माणूस शोधायला लागले.

मुंबईची एक कंपनी होती, गावागावांत लोकांना फिरायला नेणारी. त्यांचा निनाद नावाचा मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशीतला. मला तो आवडला, आजही वाईट म्हणवत नाही. वाकून नमस्कार केला, भाकरी हाताने मोडून खाल्ली, टेकडी चढून आला, आणि म्हणाला, "काकी, हे सोनं आहे." मग म्हणाला, घरं बघू. ज्या घरांची इच्छा आणि सोय असेल, ती घेऊ.

आम्ही काशीपासून सुरुवात केली. काशी माझी लहानपणची मैत्रीण. आम्ही दोघींनी एकाच ओढ्यात खेकडे पकडलेत. तिच्या ओटीवर निनाद बसला, पाणी घेतलं आणि विचारलं, "मावशी, पाहुणे आले तर तुमच्याकडे काय काय सोय आहे?"

"आमच्याकडं काय हाय बघायला, बाबा," काशी म्हणाली. "घर गळतं. वरच्या अंगाला सोमी हाय, तिच्याकडं जा. तिचा हात चांगला."

सोमीकडे गेलो. "माझा कसला हात! भाकर करपते माझी. काशीकडं गेलावता काय? तिच्याकडं जा."

असं करत अख्खा पाडा फिरलो. प्रत्येकीने दुसरीचं घर दाखवलं. निनाद शेवटी हसायला लागला. माझ्या वहिनीकडे पोचलो, तर तीही तेच. "आमचेकडं काय, साधं. म्हातारी झाले मी आता."

मागून तिचा मुलगा आला, दामू. माझा भाचा. काही वर्षं सिल्वासाच्या एका हॉटेलात होता, मग परत आलेला. "आई, काय बोलतेस तू! सर, या, बसा. आपल्याकडे फुल अरेंजमेंट होऊन जाईल. पार्किंगला जागा आहे. वेस्टर्न टॉयलेट मी महिन्यात बांधतो. ग्रुप किती मोठा आहे, सांगा फक्त."

निनादच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिवसभरात उजेड पडला. मला तो दिसला आणि मी घाईघाईने निघू या म्हटलं.

परतताना त्याच्या गाडीत मी त्याला म्हटलं, "अरे, त्या तसं बोलतात. ती पद्धत आहे. नाही म्हणजे नाही नव्हे."

"मला कळतंय, काकी. खरंच कळतंय. पण मी वरच्या लोकांना काय सांगू? बाई नाही म्हणाली, पण तिचं म्हणणं हो आहे?"

"मग सगळ्यांना मिळून घे. बारीने. इतकी वर्षं चाललंय."

"कंपनीला एक नाव लागतं, एक फोन नंबर. उद्या पाहुणा आजारी पडला तर मी कुणाला विचारू, बारीला?"

त्याचंही खोटं नव्हतं. पण मी हट्ट धरला, परत ये म्हटलं. तो आला, एवढं त्याचं भलेपण. त्याच्या आदल्या दिवशी मी रिक्षा करून पाड्यावर गेले, सगळ्यांना वडाखाली बसवलं आणि अगदी पोरांना शिकवावं तसं शिकवलं. "उद्या तो विचारेल. तेव्हा प्रत्येकीने म्हणायचं, माझ्याकडे सोय आहे, मी करते. एवढंच. दुसरीचं नाव घ्यायचं नाही."

"आपणच आपलं सांगायचं?" सोमी पदर तोंडाला लावून हसली. "लाज वाटंल ना गं."

"वाटू दे. एक दिवस वाटू दे."

"बोलते मी," काशी म्हणाली. "त्यात काय हाय. बोलते."

दुसऱ्या दिवशी निनाद वडाखालीच बसला. सगळ्या समोर. काशी उठून उभी राहिली, हे मी तिच्यासाठी आजही मोठं मानते. म्हणाली, "माझ्याकडं... सोय हाय." मग तिने आजूबाजूला पाहिलं. सोमी होती, बाकीच्या होत्या, सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. जन्मभर जिच्याकडून मीठ आणलं, तिच्यासमोर उभं राहून 'माझं चांगलं' म्हणायचं! काशीचा आवाज उतरला. "हाय तशी. पण सोमीकडं जास्त बरी हाय."

सगळ्या हसल्या. निनादही हसला. मी हसले नाही. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा इतका राग आला, की उठून एकेकीला हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की ह्यातली एक जरी धडाधड 'माझं, माझं' म्हणाली असती, तर मी मनातून तिला नाव ठेवलं असतं. वाढलोच तशा आपण. कुठे जाणार?

काम दामूला मिळालं.

त्याने मेहनत केली, नाही कशाला म्हणू. भावाच्या परसात मोठी शेड घातली. भिंती सिमेंटच्या, वरून मातीचा रंग. आत पंखे. शनिवार-रविवारी बसा लागतात. आम्ही जीपभर माणसं न्यायचो, आता टेकडीवर रांग असते आणि ओढ्यात वेफर्सची पाकिटं. जेवण तेच, भाकर, वरण, चटणी, पानगी. करणाऱ्याही त्याच, काशी, सोमी, बाकीच्या. फक्त आता बारी नाही. दामू फोन करतो, जितक्या लागतील तितक्या बोलावतो, रोजावर. ज्या चटचट हसतात त्यांना जास्त दिवस. सगळ्यांना एकसारख्या हिरव्या साड्या. कंपनीची एक मुलगी येऊन शिकवून गेली, पाहुण्याला ताट देताना काय म्हणायचं ते. ज्यांना बारीत मिळत होतं त्यांतल्या दोन घरांना दामू बोलवतच नाही, हात सावकाश चालतो म्हणून. ती दोन्ही घरं गेल्या वर्षी परत भट्टीवर गेली. वहिनी शेडमध्ये पाऊल टाकत नाही. आपल्या जुन्या चुलीवर आपलं रांधते. "ते माझ्या पोराचं हॉटेल हाय," म्हणते, "माझं घर न्हवं." पण पोरगा तर तिचाच.

मी दामूला विचारलं होतं. "अरे, बारी लाव ना तूच. तुझं नाव, तुझा फोन, पण घरं आळीपाळीने."

"फुई," तो म्हणाला. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. "फुई, तू दोन खोल्या चालवल्यास. हे वेगळं आहे. मला क्वालिटी लागते. आणि मी काय कुणाचं हिसकावलं? सगळ्यांना विचारलं होतं ना सरांनी? सगळ्या नाय म्हणाल्या. तू होतीस तिथं."

होते. म्हणून तर बोलता येत नाही.

पाड्यावर माझ्याबद्दल काय बोललं जातं, ते मला वहिनीकडून उशिरा कळलं. नणंद-भावजयीनं ठरवून केलं. आधी मालूनं रस्ता पाडला, मग भाच्याला बसवलं. त्या शहाण्या माणसाला तिनंच तर आणलं होतं. आणि आदल्या दिवशी शिकवायला आली, तेही नाटक. आपण तोंड उघडणार नाही हे तिला ठाऊक होतं की नाही? इथलीच तर आहे ती.

मी माहेरी जाते तर आता कुणी ओटीवरून हाक मारत नाही. 'आलीस काय' म्हणतात. बस म्हणत नाहीत. समुद्राकडच्या पाहुण्यांनी मला आयुष्यभर नाना प्रकारे दुखावलं, मोरीतल्या वाळूसारखं मी ते काढून टाकलं. हे निघत नाही.

गेल्या माघात एका दुपारी मी सरळ काशीच्या घरी गेले. ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मी न विचारता बसले. गुडघा दुखत होता, तो मी धरून ठेवला. ती निवडत राहिली. मग मीच म्हणाले, "काशी, तुला खरंच वाटतं का गं, मी हे केलं?"

तिने सुपातला खडा काढला, बाहेर टाकला. बाहेर दामूच्या शेडवर कुणीतरी माईक तपासत होतं, हॅलो, हॅलो.

"तू नाय केलंस," ती म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना, मालू असं नाय करायची." सूप खाली ठेवलं. "पण तुझ्या देखत झालं. आम्हाला बोलता येत नाय, हे तुलाच तर ठाऊक होतं. तुला बोलता येतं. तू मुंबईच्या माणसांशी बोलतेस, सुरतेच्या बोलतेस. आमच्या वतीनं 'हिच्याकडं हाय, हिला घ्या' असं तू बोलायचं. तू आम्हालाच उभं केलंस."

"मी बोलले, काशी. गाडीत बोलले त्याच्याशी."

"गाडीत," काशी म्हणाली.

तेवढ्यात शेडवरच्या एका पोराने हाक मारली, बस फाट्यावर आली म्हणून. काशी उठली. आत जाऊन हिरवी साडी नेसून आली. दार ओढून घेताना मला म्हणाली, "बस तू, सावलीत बस. मला उशीर होईल."

मी थोडा वेळ बसले. मग तिचे तांदूळ निवडून झाले नव्हते, ते निवडले, सूप झाकून ठेवलं, आणि फाट्यापर्यंत चालत आले. रिक्षा मिळायला वेळ लागला.